पूल कोणत्या रकान्यात बसतो?

सप्टेंबर २०१७ संपेपर्यंत भारतीय रेल्वेच्या हिशेबात पादचारी पूल ‘प्रवासी सुविधा’ या सदराखाली मोडत असे. फलाटावरचे बाकडे, पिण्याच्या पाण्याचा नळ, पंखा, छप्पर, आणि त्यांच्याच पंगतीत रूळ ओलांडून पलीकडे नेणारा जिना. सुविधा म्हटली की तिच्यासाठी निधीची वाट पाहता येते, तिला पुढच्या वर्षावर ढकलता येते आणि ती झाली नाही तरी कोणाला जाब द्यावा लागत नाही. मुंबईत एका सकाळी एका जिन्यावर तेवीस माणसे चेंगरून मेली, आणि त्यानंतर, जेमतेम महिन्याभरापूर्वी रेल्वेमंत्री झालेल्या पीयूष गोयल यांनी जाहीर केले की यापुढे पादचारी पूल ही सुरक्षेची अनिवार्य बाब समजली जाईल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली होती. कागदावरचा एक रकाना बदलायला तिथपासून १६४ वर्षे लागली.

या रकान्याकडे माझे लक्ष जाण्याचे कारण घरगुती आहे. मी परळच्या चाळीत लोहमार्गाच्या कडेने वाढले, माझे मामा मध्य रेल्वेत ट्रॅकमन होते आणि लग्नानंतर मी ठाण्याच्या पुढे अशा वस्तीत राहायला आले, जिथे घर रुळांच्या एका बाजूला आणि शाळा, मंडई, दवाखाना दुसऱ्या बाजूला आहे. गेली काही वर्षे आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बायका आणि आम्ही काही जण मिळून तिथे पादचारी पूल व्हावा म्हणून कागद हलवत आहोत. वस्तीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण काम अजून टेबलावर आहे. या खटपटीत पुलांविषयी जे कळत गेले त्याने माझी बरीचशी आधीची मते बदलली आणि एक मत मात्र पक्के झाले, की पूल कुठे, कोणासाठी आणि कोणत्या नावाखाली बांधला जातो यावर तो वापरला जाईल की नाही हे ठरते, आणि वापरला न जाणारा पूल सुरक्षेच्या कामी शून्य असतो.

आधी त्या जिन्याविषयी. परळ हे मध्य रेल्वेचे स्थानक आणि एल्फिन्स्टन रोड, ज्याला आता प्रभादेवी म्हणतात, हे पश्चिम रेल्वेचे. दोन्ही एकमेकांना इतकी लागून आहेत की एका लाईनवरून दुसऱ्या लाईनवर जाणारी सगळी माणसे तेव्हा एकाच पुलावरून वाहत असत. माझ्या लहानपणी या पुलावरून गिरणीच्या पाळ्या जात. भोंगा झाला की एका दिशेने लोंढा, आणि बाकीच्या वेळी पूल जवळजवळ मोकळा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यातून गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या कधी उभ्या राहिल्याच नाहीत, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांच्या जमिनींवर काचेची कार्यालये, मॉल आणि टोलेजंग इमारती आल्या. जे आजूबाजूच्या चाळींतून चालत कामाला येत होते त्यांच्या जागी विरारहून, कल्याणहून, पनवेलहून गाडीने येणारे लोक आले. गिरणगावाचा असा कायापालट होत असताना जमिनीच्या चौरस फुटांचा हिशेब अतिशय बारकाईने झाला, पण त्या इमारतींत रोज सकाळी येणारी माणसे कोणत्या जिन्याने उतरणार आहेत हा प्रश्न कोणाच्याच फायलीत नव्हता. जिना तेवढाच राहिला.

२९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी साडेदहाच्या सुमारास अचानक जोराची सर आली. पुलावर असलेले लोक पाऊस थांबेपर्यंत खाली उतरेनात, गाड्यांमधून उतरलेले लोक मागून चढत राहिले, आणि जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. इथे रूळ ओलांडणारा कोणी नव्हता. सगळी माणसे नियमाने, सांगितलेल्या वाटेने, पुलावरूनच चालली होती. स्थानकाला नवा, रुंद पूल आधीच मंजूर झालेला होता, पण तो कागदावर होता. दुर्घटनेनंतर लष्कराला पाचारण करण्यात आले आणि बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाच्या जवानांनी एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली या तीन ठिकाणी पूल उभारले, जे २७ फेब्रुवारी २०१८ रोजी लोकांसाठी खुले झाले. सीमेवरच्या सैन्याला शहरातल्या जिन्यांच्या कामाला जुंपावे का, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. मला त्या वादापेक्षा दुसरीच गोष्ट अधिक बोचली. काही महिन्यांत पूल उभा राहू शकतो हे त्या कामाने दाखवून दिले, आणि मग आधीची वर्षे कशात गेली हा प्रश्न उघडा पडला. ती पोलाद घडवण्यात आणि तुळया चढवण्यात नक्कीच गेली नव्हती.

मात्र स्थानकातला पूल आणि दोन स्थानकांच्या मधला पूल यांत मोठा फरक आहे. स्थानकात प्रवासी असतो, म्हणजे तिकीट किंवा पास असलेला माणूस, आणि त्याची गणना होते. दोन स्थानकांच्या मधे रूळ ओलांडणारा माणूस बहुतेक वेळा प्रवासी नसतोच. तो मंडईला निघालेला असतो, मुलाला शाळेत सोडत असतो, पलीकडच्या इमारतीत धुणीभांडी करायला चाललेला असतो. रेल्वेच्या दृष्टीने तो आगंतुक. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १४७ त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही देऊ शकते. गाडीतून पडून दगावलेल्या प्रवाशाच्या वारसांना भरपाईचा दावा करता येतो, पण रूळ ओलांडताना गेलेला माणूस अनधिकृत प्रवेश करणारा ठरतो आणि त्याचा मृत्यू रेल्वे अपघातांच्या आकड्यात धरला जात नाही. पुलासारखाच मृत्यूलाही रकाना असतो, असे म्हणायचे ते यासाठी.

हे म्हणणारी मी पहिली नाही. अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये रेल्वेला अहवाल दिला, त्यात देशभरात रूळ ओलांडताना वर्षाला जवळजवळ १५,००० माणसे मरतात आणि त्यातली सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरी मार्गांवर मरतात असे नोंदवले होते. कोणताही सुसंस्कृत समाज आपल्या रेल्वेवर असा संहार सहन करू शकत नाही, या अर्थाचे कडक शब्द समितीने वापरले आणि हे मृत्यू तांत्रिक व्याख्येत बसत नसले तरी ते आपले म्हणून स्वीकारायला रेल्वे कचरते, हेही स्पष्ट सांगितले. सरकारी अहवालांची भाषा ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाक्यांचे वजन कळेल. नंतरच्या वर्षांत कुंपणे, भिंती, सरकते जिने आणि नवे पूल यांमुळे मुंबईतले आकडे खाली आले हे खरे. तरीही मुंबई उच्च न्यायालयापुढे २०२४ मध्ये आलेल्या जनहित याचिकेत २०२३ या एका वर्षात उपनगरी मार्गांवर सर्व कारणांनी मिळून २,५९० मृत्यू झाल्याचा आकडा होता, म्हणजे दिवसाला सात.

लोक रूळ का ओलांडतात, या प्रश्नाचे सुशिक्षितांच्या बैठकीतले ठरलेले उत्तर ‘शिस्त नाही’ हे असते. मामा हे उत्तर ऐकले की चिडत. त्यांनी उभी हयात रुळांवर काढली होती, स्वतःच्या हाताने त्यांनी रुळांवरची माणसे उचलली होती, आणि त्यांचे म्हणणे असे की गाडी समोरून येताना दिसते पण किती वेगाने येते ते दिसत नाही. “अगं, आम्ही लाईनीवरची माणसं, आम्हालासुद्धा दिसत नाही, म्हणून तर आमच्यातला एक जण नुसता शिट्टी घेऊन उभा असतो,” असे ते म्हणत. त्यांच्या या अनुभवाला शास्त्राचा आधार आहे हे मला फार उशिरा कळले. मोठ्या आकाराची वस्तू प्रत्यक्षातल्यापेक्षा हळू येत असल्यासारखी भासते. मध्य रेल्वेवर वडाळ्याजवळ २०१० च्या सुमारास याच समजुतीवर एक प्रयोग झाला. रुळांखालचे काही स्लीपर, म्हणजे आडव्या पट्ट्या, ठरावीक अंतराने पिवळे रंगवले, म्हणजे ते भराभर झाकले जाताना पाहून डोळ्यांना गाडीच्या वेगाचा अंदाज यावा. मोटरमनला एकच लांब हॉर्न देण्याऐवजी दोन तुटक हॉर्न द्यायला सांगितले, कारण मधल्या शांततेने माणूस दचकतो. आणि ओलांडण्याच्या जागी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याची छायाचित्रे लावली. त्या टप्प्यावरचे मृत्यू कमी झाले. हा प्रयोग मला आवडतो, कारण तो माणसाला मूर्ख न ठरवता त्याच्या डोळ्यांची मर्यादा मान्य करून सुरू होतो. पण तो माणूस तिथे का आला, याच्याशी त्या पिवळ्या रंगाला देणेघेणे नव्हते.

ते कळायला साधे गणित पुरते. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. धीम्या आणि जलद अशा चार मार्गिका ओलांडायला वीसेक मीटर चालावे लागते, खडीतून, रुळांवरून पाय उचलत. त्याला धडधाकट माणसाला सोळा-सतरा सेकंद लागतात आणि तेवढ्यात गाडी साडेचारशे मीटरांहून अधिक अंतर कापते. म्हणजे पाऊल टाकताना जी गाडी अर्धा किलोमीटर लांब, वळणापलीकडे, दिसतही नव्हती, ती पलीकडे पोहोचेपर्यंत अंगावर येऊ शकते. ठाणे आणि कल्याणच्या दरम्यान आता चारच्या जागी सहा मार्गिका आहेत. ठाणे–दिवा टप्प्यातली पाचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हा गाड्या वाढणार म्हणून आम्हीही आनंदलो, पण आमच्या वस्तीतल्या माणसासाठी मरणाची रुंदी त्या दिवशी दीडपट झाली. आता पुलाकडे पाहा. रुळांवरून २५,००० व्होल्टची तार गेलेली असते, म्हणून पुलाचा तळ रुळांपासून सहा मीटरांहून अधिक उंच ठेवावाच लागतो, त्यावर तुळईची जाडी, त्यावर चालण्याची लादी. सात मीटर चढायचे तर पंधरा सेंटिमीटरच्या पायरीने पंचेचाळीसहून अधिक पायऱ्या होतात आणि तेवढ्याच उतरायच्या. पूल दारातच असला तरी हे तीन-चार मिनिटांचे काम आहे आणि पूल स्थानकाच्या टोकाला असला तर अर्ध्या तासाचे. एका बाजूला सतरा सेकंद, दुसऱ्या बाजूला अर्धा तास आणि डोक्यावर पाटी. ज्याला रोज दोनदा हा व्यवहार करायचा आहे त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा करताना आपण स्वतः लिफ्ट बंद असली की कसे वागतो ते आठवावे.

माणसे रुळांवर पूल नसल्यामुळे येतात याचा मुंबईतला सर्वात स्पष्ट दाखला हँकॉक पुलाचा आहे, आणि तो मला पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो. सँडहर्स्ट रोड स्थानकाजवळ माझगावला डोंगरी-जे. जे. रुग्णालयाच्या बाजूशी जोडणारा हा पूल एकोणिसाव्या शतकातला. तो रस्त्याचा पूल होता, पण त्यावरून चालणारे पुष्कळ होते. मध्य रेल्वेने जुन्या १,५०० व्होल्ट डीसी तारांऐवजी २५,००० व्होल्ट एसी तारा आणल्या तेव्हा या पुलाची कमी उंची अडचणीची ठरली, खालून जाणाऱ्या गाड्यांना वेग कमी करावा लागू लागला, आणि जानेवारी २०१६ मध्ये अठरा तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे तेवढा वेळ गाड्या बंद ठेवून, तो पाडण्यात आला. पाडकामाची बातमी मोठी झाली, क्रेन, कटर, रात्रभर जागलेले अभियंते, वेळेआधी सुरू झालेली वाहतूक. ते काम कौतुकास्पद होते यात वाद नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझगावातल्या माणसाने पलीकडे कसे जायचे? लांबचा वळसा होता. मुले शाळेला, बायका बाजाराला, माणसे कामाला निघाली आणि ज्या रेषेवर काल पूल होता त्याच रेषेवरून रूळ तुडवत पलीकडे गेली. त्या जागेवर पुढे मृत्यू झाले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, पादचाऱ्यांची तात्पुरती सोय कोणी आणि कशी करायची यावर खल झाला, आणि नवा पूल अंशतः खुला व्हायला ऑगस्ट २०२२ उजाडले. या मधल्या साडेसहा वर्षांत त्या वस्तीतल्या माणसांच्या शिस्तीत काही बिघाड झाला नव्हता. पूल होता तोवर ती पुलावरून जात होती.

या उदाहरणात दोष एका खात्याचा म्हणून दाखवता येत नाही, आणि तीच खरी अडचण आहे. रुळांवरचा भाग रेल्वेचा, दोन्ही बाजूंचे उतार महापालिकेचे, खालची गटारे आणखी कोणाची, वीज तिसऱ्याची, आणि मधे झोपड्या असल्या तर पुनर्वसन चौथ्याचे. पैसे महापालिका भरते आणि काम रेल्वे करते असेही होते, मग मोजमापे कोणाची ग्राह्य धरायची यावर पत्रव्यवहार चालतो. अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ ३ जुलै २०१८ च्या सकाळी पश्चिम रेल्वेच्या रुळांवर कोसळला. तो पूल पुढे पाडून नव्याने बांधला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची उंचीच जुळत नव्हती. लोकांनी विनोद केले, ते योग्यच होते. मला मात्र तो विनोद करताना आमच्या वस्तीतली संयुक्त पाहणी आठवली, जिथे दोन खात्यांचे दोन अभियंते एकाच नाल्याच्या काठावर उभे राहून आपापल्या नकाशात तो नाला दोन वेगळ्या ठिकाणी दाखवत होते.

आमचे म्हणणे मांडायला आम्हाला आकडे मागण्यात आले, आणि ते मागणे रास्त होते. किती लोक ओलांडतात, कधी आणि कुठून? बचत गटातल्या बायकांनी गणतीची पद्धत स्वतःच शोधली. रुळांलगतच्या भिंतीला जिथे भगदाडे पडली आहेत तिथे दोघी-दोघी बसल्या, पुढ्यात चार डबे, शेजारी चिंचोक्यांची पिशवी. शाळेची मुले गेली की पहिल्या डब्यात चिंचोका, ओझेवाला गेला की दुसऱ्यात, म्हातारे माणूस किंवा कडेवर मूल असलेली बाई गेली की तिसऱ्यात, बाकी सगळे चौथ्यात. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा वेगळ्या पिशव्या. मोबाईलवर मोजायचे अॅप असते असे एका कॉलेजातल्या मुलाने सुचवले होते, पण त्याच्या मोबाईलची बॅटरी संपली आणि चिंचोके उरले.

त्या डब्यांतून जे निघाले ते मला अपेक्षित नव्हते. सकाळी वस्तीतले बरेच लोक वळसा घालून स्थानकाच्या पुलावरूनच जातात. सकाळी हात मोकळे असतात, पाय ताजे असतात. संध्याकाळी तीच माणसे मंडईतून पिशव्या घेऊन, रेशनचे धान्य घेऊन, गॅसची टाकी घेऊन परततात आणि सरळ रुळांवर उतरतात. म्हणजे माणूस वळशाला भितो त्याहून अधिक पायऱ्यांना भितो, आणि तेही ओझे असताना. दुसरे असे की अंधार पडल्यावर बायका स्थानकाचा भुयारी मार्ग टाळतात, कारण तिथे दिवे नसतात आणि कोपऱ्यात कोण बसले असेल याचा भरवसा नसतो. गाडीची भीती आणि माणसाची भीती यांत त्या गाडीची भीती पत्करतात. हे गणतीच्या तक्त्यात लिहिता आले नाही, पण गणतीला बसलेल्या प्रत्येकीला ते आधीपासून ठाऊक होते. तिसरी गोष्ट म्हणजे भिंत पुन्हा बांधली की भगदाड काही दिवसांत त्याच जागी पडते, चार हात इकडेतिकडेही नाही, कारण ती जागा शाळेच्या फाटकाच्या समोर आहे.

तेव्हापासून मी मुंबईतले पूल जरा वेगळ्या नजरेने पाहते. वांद्र्याला २००८ मध्ये पहिला स्कायवॉक, म्हणजे रस्त्याच्या वरून जाणारा लांबलचक पादचारी पूल, झाला, स्थानकापासून कलानगरपर्यंत सव्वा किलोमीटरहून अधिक लांब, आणि त्यापाठोपाठ उपनगरांत कितीतरी झाले. त्यांतले काही खरोखर उपयोगी आहेत. काहींवर मात्र दुपारी कुत्री झोपलेली असतात आणि खाली रस्त्यावर माणसांना चालायला जागा नसते, कारण पूल बांधताना तो कुठे सुरू करणे सोयीचे आहे ते पाहिले गेले, माणसे कुठून निघतात ते पाहिले गेले नाही. तसेच देखभालीचे. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा, रेल्वेतून उतरलेल्या लोकांना रस्त्यापलीकडे नेणारा हिमालय पूल कोसळला आणि खालून-वरून जाणारी माणसे दगावली. त्या पुलाची संरचनात्मक तपासणी झालेली होती आणि तो वापरास योग्य ठरवला गेला होता. त्यानंतर शहरभर तपासण्यांचा धडाका लागला, धोकादायक म्हणून अनेक पूल बंद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते; फक्त बंद पुलाच्या तोंडाशी पत्रे ठोकताना तिथून रोज जाणारे उद्यापासून कुठून जाणार, हा प्रश्न हँकॉकनंतरही विचारला गेलेला मला फारसा दिसला नाही. नवा पूल बांधणे जितके सुरक्षेचे काम आहे तितकेच जुना बंद करतानाची पर्यायी वाट हेही आहे, आणि ते अजून कोणत्याच रकान्यात नाही.

पूल प्रत्यक्ष उभा राहताना पाहणे हे मात्र थक्क करणारे असते, हेही सांगायला हवे. शेजारच्या एका स्थानकाजवळ पादचारी पुलाची तुळई चढवताना मी मामांबरोबर रात्रभर थांबले होते. ते निवृत्त झाले होते, पण ब्लॉक आहे म्हटल्यावर त्यांना घरी बसवेना. महिनोन्महिने जमिनीवर पाये, खांब, कारखान्यात तयार होऊन आलेले पोलादी भाग, बोल्ट यांचे काम निवांत चालते, आणि मग सगळे एका रात्रीवर येऊन ठेपते. शेवटची लोकल जाते, तारेतला वीजपुरवठा बंद केल्याचा लेखी निरोप येतो, तारेला जमिनीशी जोडणारे दांडे लावले जातात आणि त्यानंतरच क्रेनचा हात रुळांवर फिरतो. चार तासांत तुळई खांबांवर बसली पाहिजे, कारण पहाटेची पहिली गाडी कोणासाठी थांबत नाही. अर्धी रात्र काहीच घडत नाही असे वाटते आणि मग वीस मिनिटांत पूल झालेला असतो. मामा क्रेनकडे बघत नव्हते. ते खाली रुळांकडे बघत होते, एखादा बोल्ट, एखादी हातोडी मागे राहिली तर पहिल्या गाडीचे काय होईल या धास्तीने. त्यांची ही सवय माझ्यात उतरली असावी. पुलाच्या गोष्टीत मला क्रेनपेक्षा जिन्याच्या पायथ्याशी काय आहे यात अधिक रस वाटतो.

आमच्या पुलाचा सध्याचा वाद पायथ्याचाच आहे. पहिल्या आराखड्यात पूल शाळेच्या फाटकापासून बराच दूर, पालिकेच्या मोकळ्या भूखंडाजवळ दाखवला होता, कारण तिथे जागा ताब्यात घ्यावी लागत नाही. बायकांनी चिंचोक्यांचे आकडे पुढे केले आणि तिथे बांधलात तर भगदाड आहे तिथेच राहील असे सांगितले. एका तरुण अभियंत्याने ते मनावर घेतले आणि सुधारित आराखड्यात पूर्वेचा जिना शाळेच्या बाजूला सरकवला. आता प्रश्न उताराचा. एकास बारा या प्रमाणात रॅम्प करायचा तर सात मीटर उंचीसाठी चौऱ्याऐंशी मीटर लांबी लागते, मधले सपाट टप्पे वेगळे, आणि पश्चिमेला तेवढी जागा काढायची तर नाल्यावर स्लॅब टाकावा लागेल. त्याऐवजी लिफ्ट बसवू असे रेल्वेकडून सुचवले गेले आहे. लिफ्टला आमचा विरोध नाही, पण तिचे वीजबिल आणि दुरुस्ती कोणाकडे, हे लेखी मिळेपर्यंत रॅम्पची मागणी सोडायची नाही असे गटाच्या बैठकीत ठरले, कारण बंद लिफ्टसमोर गॅसची टाकी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला पुन्हा भगदाडच आठवणार. नाल्याची मोजणी दोन्ही खात्यांच्या माणसांनी एकत्र करावी असे पत्र आम्ही दिले आहे. पावसाळा संपल्यावर, नाल्यातले पाणी उतरले की ती व्हायची आहे, आणि त्या दिवशी फीता धरायला वस्तीतले कोण कोण रजा टाकणार याची यादी तयार आहे.